नागव्वाचा टांगा आणि बिरप्पाचा पाय

कोळेकरवाडीच्या समाजमंदिरात त्या दिवशी पुरुषांना खुर्च्या होत्या आणि बायकांना सतरंजी. पार्सलं पोचवणारी एक कंपनी गावात सेवा सुरू करणार होती, त्याचा तो कार्यक्रम. सोलापुरातनं कंपनीचे साहेब आले होते. उदयसिंह त्यांचं नाव, वय पस्तिशीच्या आत, बोलणं गोड. त्यांचा सत्कार झाला, नारळ झाला आणि साहेब माईक हातात घेऊन उभे राहिले.

"मंडळी, आजवर तुमच्या या वस्त्यांवर एकही पार्सल कधी पोचलं नाही. आम्ही ते पहिल्यांदा पोचवणार आहोत. आजपासून तुमचं गाव जगाला जोडलं गेलं."

टाळ्या वाजल्या. सतरंजीवर मागच्या बाजूला बसलेल्या नागव्वाचे हात मात्र मांडीवरच राहिले. तिला वाटलं, आपल्याला ऐकू कमी आलं. तिनं शेजारणीला विचारलं, "काय म्हणला त्यो?" शेजारणीनं सांगितलं. ऐकल्याबरोबर नागव्वा गुडघ्यावर हात टेकून उभी राहिली. अठ्ठावन्न वर्षांची बाई, अंगानं काटक, हातावर लगामाचे घट्टे.

"ओ सायेब," ती म्हणाली, "एक बी पार्सल पोचलं न्हाय म्हणलाव न्हवं? मग मी आन माझी घोडी एकवीस वर्सं झाली, फाट्यावरनं काय वाहायलोय? दगडं?"

माणसं हसली. तिला राग आला तो साहेबांपेक्षा ह्या हसण्याचा. सरपंच कोंडीबा खुर्चीतनं अर्धवट उठला.

"नागव्वा, बस की खाली. पाव्हण्यांपुढं काय हे."

"बसते की. पर आदी त्येंला खरं सांग, कोंडीबा. तुझ्या पोरीच्या बाळंतविड्याची पेटी ओढ्याला पाणी आसताना कुणी आणली रं? तुझ्या आईचा चष्मा कुणी आणला? म्हातारी शेवटपत्तूर त्याच चष्म्यानं बगत हुती न्हवं?"

कोंडीबानं मान फिरवली. साहेब हसून म्हणाले, "आजी, तुमचं योगदान मोठंच आहे, पण ही सेवा वेगळी आहे." आणि पुढं बोलायला लागले. नागव्वा सतरंजीवर परत बसली नाही. तशीच बाहेर आली आणि लिंबाखाली बांधलेल्या घोडीच्या, चंद्रीच्या मानेवरनं हात फिरवत उभी राहिली. आतनं परत टाळ्यांचा आवाज आला.

कुंभारी मागं टाकून अक्कलकोटच्या रस्त्यानं पुढं गेलं की डाव्या हाताला तो फाटा लागतो. तिथं धुळाप्पाचं चहाचं हॉटेल. फाट्यापासून आत सहा वस्त्या आहेत आणि रस्ता नावापुरता. काळी माती, मध्ये ओढा, चाकोऱ्या इतक्या खोल की नवखा माणूस गाडी घालायला धजत नाही. नागव्वाचा नवरा येडू ह्याच रस्त्यावर टांगा हाकायचा. त्या काळी माणसं टांग्यानं जायची-यायची आणि त्यांच्या पायाशी सामान असायचं. मग सहा सीटच्या रिक्षा आल्या, मोटारसायकली आल्या, माणसं टांग्यातनं उतरली. सामान तेवढं राहिलं.

सामान यायचं ते एसटीनं. कुणाचा मुलगा सोलापुरात चादरीच्या कारखान्यात कामाला, कुणाचा भाऊ पुण्यात वॉचमन. त्यांना घरी काही धाडायचं झालं की ते गाठोडं स्टँडवर ड्रायव्हरच्या हवाली करायचे. ड्रायव्हर फाट्यावर गाडी हळू करून धुळाप्पाला हाक मारायचा. तिथनं पुढं येडूचा टांगा. येडू एका उन्हाळ्यात तीन दिवसांच्या तापानं गेला. दिवस घातले, आणि चौदाव्या दिवशी धुळाप्पाचा निरोप आला की, फाट्यावर सात गाठोडी पडलीत, त्यात मेंढ्यांच्या लशीची बर्फाची पेटी आहे, बर्फ वितळायला लागलाय.

"बाईनं टांगा हाकायचा म्हंजे..." दीर म्हणाला होता.

"मग तू हाक," नागव्वा म्हणाली. दीर काही उठला नाही. नागव्वानं घोडी जुंपली.

तेव्हापासून तीच हाकते. तिला वाचता येत नाही. म्हणून तिनं स्वतःची रीत काढली. फाट्यावर आलेलं प्रत्येक गाठोडं धुळाप्पा वाचून सांगायचा आणि ती त्याला चिंधी बांधायची. कोळेकरवाडीला तांबडी, माळावरच्या वस्तीला हिरवी, ओढ्यापलीकडं पिवळी, अशा सहा वस्त्यांच्या सहा चिंध्या. घर कुठलं ते डोक्यात. शिलाई मशीनचं मुंडकं, कोंबड्यांच्या पिलांची भोकं पाडलेली खोकी, शाळेचे दाखले, डिंकाचे लाडू, मयताच्या अंगावरचे कपडेसुद्धा तिनं एकदा पोचवले होते. दवाखान्यानं पिशवीत भरून दिलेले. ते देताना ती त्या घरात दोन तास बसली होती. एवढ्या वर्षांत तिच्या हातून एक वस्तू हरवली नाही. घरी कुणी नसलं तर ती शेजारी ठेवायची आणि माणूस भेटेपर्यंत रोज विचारायची, मिळालं का?

आणि साहेब म्हणाले, एकही पार्सल कधी पोचलं नाही.

कंपनीची गाडी सुरुवातीला दोन महिने आत आली. पांढरा छोटा टेम्पो समाजमंदिरापाशी थांबायचा आणि लोक मोबाईल घेऊन भोवती गोळा व्हायचे. नागव्वाच्या टांग्याला बघून काही जण उगाच म्हणायचे, "अव्वा, आता इसावा घे की." ती टांगा पुढं काढायची. एसटीनं येणारी चार-दोन गाठोडी तिला पुरेशी होती. कंपनीच्या खोक्याला हात लावायचा नाही, एवढं तिनं ठरवून टाकलं होतं.

मग टेम्पोचं एक चाक ओढ्याच्या उताराला चाकोरीत अडकलं. ट्रॅक्टर आणून काढावा लागला. त्या दिवसापासून टेम्पो आत यायचा थांबला. लोकांच्या मोबाईलवर संदेश मात्र येत राहिले. ग्राहक घरी नाही. पत्ता सापडला नाही. फोन लागला नाही. ज्यांच्या दारात दिवसभर माणसं बसलेली त्यांना असले संदेश यायचे. लोक चिडायचे, मोबाईलला शिव्या द्यायचे आणि गप्प बसायचे. कोंडीबा म्हणायचा, "नवीन हाय, बसंल हळूहळू."

बिरप्पाचं प्रकरण झालं ते ह्याच दिवसांत.

बिरप्पा मेंढपाळ. नागव्वाच्या घरापासून हाकेच्या अंतरावर राहणारा. दोन वर्षांपूर्वी हायवे ओलांडताना ट्रकनं त्याच्या चार मेंढ्या मारल्या आणि त्याचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. वर्षभर माणूस बाजेवर पडून होता. मग सोलापुरातल्या शिबिरात त्याला कृत्रिम पाय बसला. पाय बसल्यावर तिसऱ्या दिवशी तो मेंढरांमागं गेला आणि संध्याकाळी परत आला तेव्हा घरची सगळी माणसं दारात उभी होती. आठ महिने त्या पायानं त्याला माळ तुडवू दिला. पुढं तो घोट्यात मोडला. दुरुस्ती पुण्याला व्हायची. घोंगडीच्या तुकड्यात गुंडाळलेला तो पाय नागव्वानंच फाट्यावर नेऊन एसटीत ठेवला होता. ड्रायव्हरला तिनं सांगितलं होतं, "दादा, ह्यात माणसाचा पाय हाय, नीट न्या." ड्रायव्हरनं तो स्वतःच्या सीटमागं ठेवला होता.

दुरुस्ती झाली. पुण्याच्या माणसांनी फोनवर सांगितलं, "आता तुमच्या गावाला कुरिअर येतंय ना, त्यानंच पाठवतो. दारात मिळेल." बिरप्पा खूश झाला. सकाळपासनं रस्त्याकडं तोंड करून बसायचा. असे अकरा दिवस गेले. मुलगा टेंभुर्णीला हॉटेलात कामाला, त्यामुळं मेंढरं, घर आणि सासरा सगळं सुनेच्या, पूनमच्या अंगावर आलेलं.

बाराव्या दिवशी नागव्वा पेंडीचं पोतं टाकायला त्यांच्या दारात थांबली, तेव्हाच पूनमचा मोबाईल वाजला. तिनं वाचलं, परत वाचलं आणि सासऱ्याकडं बघितलं.

"मामा, तुमाला कुणाचा फोन आल्ता का? पार्सल नको म्हणलाव का तुमी?"

"कुटलं पार्सल?"

"पायाचं. ह्यात लिवलंय, ग्राहकानं पार्सल घ्यायला नकार दिला. परत पाठवत हाव म्हणं."

बिरप्पाला ते कळायला वेळ लागला. कुबडी धरून तो उठला आणि परत बसला. "म्या? म्या माझा पाय नको म्हणलं?" त्याचा आवाज चिरकला. "आगं, अकरा दीस झालं, मी हितनं मुतायला सुदिक लांब गेलो न्हाय."

पूनमनं कंपनीला फोन लावला. एक दाबा, दोन दाबा, थांबा, गाणं ऐका. शेवटी एक बाई बोलली. पार्सल सोलापूरच्या गोदामात आहे, उद्या दुपारच्या गाडीनं पुण्याला परत जाईल, नकाराची नोंद झाली आहे, आता काही करता येणार नाही. पूनम म्हणाली, "अवो, नकार दिलाच न्हाय." बाई म्हणाली, "मॅडम, सिस्टिममध्ये दिलेला दिसतोय."

नागव्वानं पोतं तिथंच टाकलं. इतके महिने ती कंपनीवर रुसून होती, पण ते रुसणं स्वतःपुरतं होतं. हे वेगळं होतं. न आलेल्या माणसानं लिहून टाकलं होतं की बिरप्पानं आपला पाय नाकारला, आणि ते आता खरं धरलं जाणार होतं.

"उद्या सकाळी तयार ऱ्हावा," ती म्हणाली. "सोलापूरला जायाचं."

"एसटीची पायरी मला चढवत न्हाय, नागव्वा. मागल्या म्हैन्यात पडलो की."

"एसटी कोण म्हणतंय? टांग्यानं जाऊ."

उजाडताना ते निघाले. नागव्वा पुढं, मागं बिरप्पा आणि पूनम. मेंढरं त्या दिवशी शेजाऱ्यांनी सांभाळली. हायवेला ट्रक सूं करून शेजारनं जायचे, बिरप्पा दर वेळी डोळे मिटायचा. चंद्रीला दोनदा पाणी पाजलं. बायपासच्या त्या गोदामापाशी पोचायला बारा वाजले. पत्र्याची भलीमोठी शेड, लोखंडी फाटक आणि फाटकाच्या आत पाठीमागचा दरवाजा बंद करून निघायच्या तयारीत असलेला मोठा ट्रक.

"घोडागाडी आत न्यायची नाही," वॉचमन म्हणाला. "ग्राहकांना पण प्रवेश नाही. हेल्पलाईनला फोन करा."

"केला की. तुमी सायबाला बोलवा."

"साहेब मीटिंगमध्ये आहेत."

नागव्वानं एकदा वॉचमनकडं, एकदा ट्रककडं बघितलं. मग लगाम ओढून तिनं टांगा फाटकाच्या तोंडावर आडवा उभा केला आणि चंद्रीपुढं कडब्याची पेंढी सोडली. चंद्री निवांत खायला लागली.

"अहो बाई, ट्रक निघायचाय!"

"माज्या गाववाल्याचा पाय हाय त्या ट्रकात. त्यो उतरला की मी बी बाजूला हुते."

दहा मिनिटांत उदयसिंह साहेब बाहेर आले. त्यांनी नागव्वाला ओळखलं, पण ओळख दाखवली नाही. पूनमनं मोबाईल पुढं केला. साहेबांनी नंबर बघितला, हातातल्या यंत्रावर बोटं फिरवली.

"हे बघा, यात ग्राहकाचा नकार नोंदवलाय. नकार दिलेलं पार्सल मला देता येत नाही. नियम आहे."

"नकार कुणी नोंदवला?" पूनमनं विचारलं.

"सिस्टिममध्ये आहे."

"सिस्टिम म्हंजे कोण?" नागव्वा म्हणाली. "त्येला बोलवा हितं. कुटल्या दिवशी, कुटल्या टायमाला आमच्या दारात आल्ता, ते त्येनं माझ्या डोळ्यात बगून सांगू दे."

"आजी, तुम्हाला यातलं कळत नाही."

"व्हय, न्हाय कळत. मला वाचाया बी येत न्हाय. पर मी कदी खोटं लिवलं न्हाय, सायेब. तुमी शिकून खोटं लिवताव."

तेव्हा बिरप्पानं टांग्यात बसूनच धोतर वर घेतलं. गुडघ्याखालचा तो आखूड, शिवलेला पाय उन्हात सगळ्यांना दिसला. "बगा," तो म्हणाला, "मी कशाला नकार दीन?" साहेबांनी नजर खाली घातली आणि यंत्राकडंच बघत राहिले. शेडमधले हमाल हातातली खोकी घेऊन दाराशी येऊन थांबले होते.

त्यांच्यातनं एक माणूस पुढं आला. तिशीचा, दाढी वाढलेली, अंगात कंपनीचा निळा शर्ट. पांढरा टेम्पो तोच चालवायचा. जोतिराम त्याचं नाव, माढ्याकडचा.

"मी लिहिलं ते," तो म्हणाला.

नागव्वा त्याच्यावर धावलीच. "मुडद्या! तुला लाज न्हाय वाटली? माणसाचा पाय हुता त्यो!"

"मला माहीत नव्हतं मावशी, आत काय आहे. खोक्यावर नुसता पत्ता आणि नंबर असतो." तो शांतपणे उभा राहिला. "दिवसाला ऐंशी पार्सलं देतात. तुमच्या रस्त्याला शिरलो की अर्धा दिवस जातो आणि बाकीची राहतात. पोचलं नाही असं लिहिलं तर ऑफिसवर येतं. म्हणून नकार लिहायला सांगतात. गिऱ्हाइकानंच नको म्हटलं, की कुणावर काही येत नाही."

"जोतिराम!" साहेब ओरडले. "काय बोलतोयस?"

"साहेब, तुम्हीच सांगितलंय की. सगळ्यांसमोर सांगितलंय."

हमाल सगळे साहेबांकडं बघत होते. जोतिराम ट्रकपाशी गेला, मागचा दरवाजा उघडून आत चढला. साहेब खालून म्हणाले, "उतरवलंस तर उद्यापासून येऊ नकोस." आतनं खोकी सरकवल्याचा आवाज आला. बऱ्याच वेळानं जोतिराम एक लांबट खोका उराशी धरून खाली उतरला आणि सरळ बिरप्पाच्या मांडीवर आणून ठेवला.

बिरप्पानं तिथंच खोका फोडला. टांग्याच्या पायरीवर बसून त्यानं पाय चढवला, पट्टे आवळले, नागव्वाच्या खांद्याला धरून उभा राहिला. दोन पावलं टाकली. मग खांदा सोडून फाटकापर्यंत जाऊन आला. पूनमनं पदर तोंडाला लावला. नागव्वानं कडबा गोळा केला आणि टांगा बाजूला घेतला.

परतीच्या वाटेवर, शहर सुटतंय तोच पूनमचा मोबाईल वाजला. तिनं वाचलं.

"काय आलंय?" नागव्वानं मागं न बघता विचारलं.

"कंपनीचं हाय. तुमचं पार्सल तुमच्या दारात यशस्वीपणे पोचवण्यात आलं आहे. आमच्या सेवेला किती तारे द्याल?"

नागव्वानं लगाम खेचला. चंद्री रस्त्याच्या कडेला थांबली. नागव्वा मागं वळली. "दारात," ती म्हणाली. "हायवेनं जाऊन आमी आणलं, एका माणसाची नोकरी घालवून आणलं, आन लिवलं काय, तर दारात." बिरप्पा म्हणाला, "जाऊ दे की नागव्वा, पाय तर घावला." त्यावर ती त्यालाच बोलली. "तू जाऊ दे म्हण. समदीच जाऊ दे म्हणत्यात, म्हणून तर ह्यांचं फावतंय."

जोतिरामला खरंच काढलं. हे तिला धुळाप्पाकडनं कळलं, आठ दिवसांनी. तिनं घोडी सोडली नाही, जेवली नाही, तशीच कोंडीबाच्या दारात गेली.

"ग्रामसभा बोलव. ठराव घाल. खरं बोलला म्हणून त्येला काढलाय."

"अगं, ती कंपनीची आतली बाब हाय. आपुन कशाला पडायचं? उद्या त्यांनी सेवाच बंद केली म्हंजे?"

"कुटली सेवा, कोंडीबा? कुटं हाय सेवा? दाव मला."

ग्रामसभा झाली नाही. नागव्वानं पूनमकडनं अर्ज लिहून घेतला. झालेलं सगळं, तारखेसकट. टांगा घेऊन ती सहा वस्त्यांवर फिरली, घरोघर थांबली. ज्यांच्या दारात तिनं एवढी वर्षं गाठोडी टाकली त्यातल्या पुष्कळांनी, बघू म्हणून सांगितलं. एकोणीस जणांनी सही केली नाहीतर अंगठा दिला. बिरप्पाची सही पहिली होती. अर्ज कलेक्टर कचेरीत दिला, ग्राहक मंचात दिला. शिक्क्याच्या पोचपावत्या पूनमनं डब्यात ठेवल्या आहेत. उत्तर अजून आलेलं नाही. दर सोमवारी नागव्वा विचारते आणि पूनम नाही म्हणते. मग दोघी मिळून फोन लावतात. तिकडचा कारकून आता नागव्वाचा आवाज ओळखतो.

जोतिराम माढ्याला चुलत्याच्या जीपवर गेला. जाण्याआधी तो फाट्यावर येऊन गेला होता. नागव्वानं त्याला चहा पाजला आणि मुडद्या म्हटलं होतं ते परत घेतलं. "तसं म्हणायला नको हुतं," ती म्हणाली. तो म्हणाला, "म्हणायलाच पाहिजे होतं मावशी. मी तसल्या अठ्ठावीस जणांच्या नावावर नकार लिहिलाय. त्यात कुणाचं काय होतं, मला आजही माहीत नाही."

कंपनीचा टेम्पो आता दुसरा माणूस चालवतो. तो फाट्यावर खोकी टाकतो आणि निघून जातो. मोबाईलवर मात्र सगळ्यांना दारात पोचल्याचं येतं. नागव्वानं त्या खोक्यांना हात न लावण्याचं जे ठरवलं होतं ते तिनं मोडलं, कारण परवा त्यात एका पोराचं दम्याचं औषध निघालं. ती खोकी चढवते, चिंध्या बांधते आणि चढवताना टेम्पोवाल्याला फाट्यावरच्या चार माणसांदेखत, मोठ्यानं, रोज तोच प्रश्न विचारते, "कुटल्या दारात आल्तास रं तू?"

तो खाली बघतो आणि गाडी चालू करतो.